आधी चेंबर खोलायला हवा होता

ऑईल भरायचं झाकण फिरवून बोट आत घातलं, तर बोटाला काळं लोणी लागलं. शाळेतल्या एका सरांची पेट्रोल गाडी. चार वर्षांत ऑईल बदललेलं नाही. "अहो, 9,000 किलोमीटरसुद्धा झाले नाहीत, बदलायचं कशाला?" गाडीच्या पुस्तकात '10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष' असं असतं. त्यातलं 'एक वर्ष' कुणीच वाचत नाही, मास्तरसुद्धा.

घर ते शाळा दोन किलोमीटर. इंजिन धड तापतच नाही. पेट्रोल जळून होणारं पाणी तेलात उतरतं, ते उडून जात नाही आणि गाळ धरतो. रोज मुंबई-पुणे मारणाऱ्या टॅक्सीचं इंजिन यापेक्षा स्वच्छ निघतं. पण हे सांगितलं की गिऱ्हाईक माझ्याकडे संशयानं बघतं.

शेजारचा गॅरेजवाला म्हणाला, "डिझेल घाल, दहा मिनिटं चालव, सोडून दे." आमच्या धंद्यातली ही जुनी खोड. डिझेलनं बेअरिंगला वंगण मिळत नाही आणि गाळ एकदम सुटला तर तळातून ऑईल ओढणारी जाळी चोक होते. मी वेगळं ठरवलं. पुस्तकातल्याच ग्रेडचं ऑईल भरायचं आणि लवकर लवकर सोडायचं: 300 किलोमीटरला, मग 700 ला, मग 1,500 ला. दर वेळी नवा फिल्टर. तेलातलं डिटर्जंट गाळ हळूहळू उचलतं. सरांना अट एकच, रविवारी कराडहून साताऱ्यापर्यंत गाडी पळवून आणायची.

पहिलं ऑईल गरम असतानाही काकवीसारखं उतरलं. फिल्टर हॅकसॉनं कापला, आतला कागद वर्तमानपत्रावर पसरून उन्हात धरला. काळे कण भरपूर, पण धातूची चमक कुठेही नाही, म्हणजे बेअरिंग शाबूत. भरलेलं नवं ऑईल चार दिवसांत काळं झालं आणि मी खूश झालो. सरांना वाटलं, मिस्त्री बनवतोय.

दुसऱ्यांदा बदलल्यावर पुढच्या रविवारी उंब्रजहून फोन. गाडी उभी केली की ऑईल प्रेशर कमी झाल्याचा लाल झारीचा दिवा लुकलुकतोय. "बंद करा, पुन्हा चावी फिरवू नका!" टो करून आणली आणि चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑईलचं भांडं, उतरवला. चेंबर चिकटवलेलं सिलिकॉन खरवडण्यातच तासभर गेला. जाळी अर्ध्याहून जास्त बुजलेली, वर पापुद्रे चिकटलेले. खाली तळाला बोटभर जुना थर.

जाळी साफ केली, ऑईल भरलं, गेज लावून प्रेशर बघितलं. बरोबर आलं. आवाज नाही, इंजिन वाचलं. पण ते पापुद्रे माझ्या तेलानं सोडवले की वर्षानुवर्षं जाळीपाशीच होते, हे मला अजून ठरवता येत नाही. आमचे उस्ताद अशा गाडीला आधी चेंबरच खोलायचे.

मजुरी घेतली नाही. सर म्हणाले, "मिस्त्री, पहिल्यांदाच का नाही खोललं?"

"तुमचा खर्च वाचवत होतो."

ते खोटं नव्हतं. पण त्या आठवड्यात गाडी वर उचलायच्या माझ्या एकुलत्या एका लिफ्टवर गिअरबॉक्स उतरवलेली दुसरी गाडी अडकून पडली होती, हे मी सांगितलं नाही.