सत्तर वजा वीस

रद्दी काढताना एस.वाय.चं इंग्रजी कवितांचं पुस्तक हाती लागलं. कणा सुटलेला, मधली दोन फर्मं वेगळी झालेली. एका पानाच्या समासात पेन्सिलीने वजाबाकी मांडली होती: वर 70, खाली 20, रेघ, 50. अक्षर माझंच. हातचा घ्यायचीसुद्धा गरज नसलेलं हे गणित मी कागदावर का मांडलं असेल, ते कविता वाचल्यावर आठवलं.

कविता ए. ई. हाउसमन या इंग्रज कवीची आहे, बारा ओळींची. रानवाटेच्या कडेला चेरीचं झाड फांदीफांदीला फुललंय, ईस्टरसाठी पांढरं नेसून उभं आहे. इथवर कोणीही लिहील. पण पुढच्या चार ओळींत हा माणूस वाण्यासारखा हिशेबाला बसतो. माझ्या वाट्याच्या सत्तर वर्षांतली वीस काही परत यायची नाहीत. सत्तर वसंतांतून वीस गेले, उरले फक्त पन्नास. आणि फुललेलं काही बघायचं म्हणजे पन्नास वसंत तरी कुठे पुरतात? तेव्हा मी आपला रानात जातो, चेरी बघून येतो. संपली कविता.

त्यातलं ‘थ्रीस्कोअर यीअर्स अँड टेन’ सरांनी फळ्यावर फोड करून समजावलं होतं. स्कोअर म्हणजे वीस, तीन विसा साठ, वर दहा. सत्तर हा आकडा बायबलच्या 90 व्या स्तोत्रातला, असंही सांगितलं. स्कोअरची फोड मला नको होती. वाईला आमची आजी सगळंच विसांत मोजायची. नारळ दोन विसा, भाकरीच्या पिठाचे पैसे तीन विसा नि पाच, आणि स्वतःचं वय ‘चार विसाला दोन कमी’. वर्गात ती ओळ मला एकटीला मराठीत ऐकू आली, असं मी पुढे बरेच दिवस सांगत असे.

अडचण चेरीची होती. आमच्या लेखी चेरी म्हणजे केकवरची नाहीतर पानातली लाल गोळी. ती चेरी नसतेच, साखरेत मुरवून रंगवलेलं करवंद असतं, हे फार उशिरा कळलं. गंमत अशी की करवंदीची फुलंही पांढरीच, आणि वासाला चेरीला भारी. म्हणजे चुकीचं झाड डोळ्यांसमोर धरून मी कविता वाचत होते, पण रंग बरोबर आला होता.

हाउसमनचा स्वतःचा हिशेब मात्र तपासून घेण्यासारखा आहे. कवितेतला मुलगा वीस वर्षांचा. हाउसमनचा जन्म 1859चा. ही कविता असलेला ‘अ श्रॉपशायर लॅड’ हा संग्रह 1896 साली आला तेव्हा तो छत्तीस-सदतीसचा होता आणि लंडनमध्ये लॅटिनचा प्राध्यापक होता. म्हणजे त्याचे स्वतःचे वसंत पन्नास नव्हे, चौतीसच्या आसपास उरले होते. ज्या श्रॉपशायरच्या नावावर अख्खा संग्रह आहे, त्या परगण्यातला तो नव्हताच, शेजारच्या वुस्टरशायरचा. लहानपणी क्षितिजावर मावळतीकडे श्रॉपशायरचे डोंगर दिसत, तेवढीच ओळख. पुस्तक पदरचे पैसे घालून काढलं.

त्यामागचा सल वेगळाच होता. ऑक्सफर्डमधला त्याचा मित्र मोझेस जॅक्सन. हाउसमनचं त्याच्यावर प्रेम होतं, जॅक्सनचं तसं काही नव्हतं. 1887च्या सुमारास जॅक्सन कराचीच्या कॉलेजात प्राचार्य होऊन निघून आला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात. हाउसमनच्या त्या काळच्या डायऱ्या जवळजवळ कोऱ्या आहेत. जे थोडं टिपलंय त्यात कोणतं झाड कधी फुललं आणि जॅक्सनचं जहाज कुठवर पोचलं, अशा नोंदी आहेत. एकाच डायरीत, एकाच हाताने. मला त्याच्या कवितांपेक्षा ही डायरी जास्त बोलते.

आणि पुढे? गेला तो सत्त्याहत्तराव्या वर्षी, 1936 साली. ठरलेल्या सत्तरावर सात वसंत वरकड मिळाले. त्याच्या उमेदीची जवळपास तीस वर्षं मानिलिअस नावाच्या एका रोमन ज्योतिषी कवीच्या पाठशुद्धीत गेली. पाच खंड. रानात जातो म्हणणारा माणूस तळटिपांत बसून राहिला.

‘घाई करा’ सांगणाऱ्या इंग्रज कवींचं बहुधा असंच असतं, असा मला संशय आहे. रॉबर्ट हेरिक पाहा. गुलाबकळ्या आत्ताच वेचून घ्या, वेळ उडून चाललाय, आजचं हसरं फूल उद्या मरणार, तेव्हा पोरींनो, लाजत बसू नका, लग्नं उरका. 1648 सालच्या त्याच्या पुस्तकातली ही कविता. हा स्वतः डेव्हनमधल्या खेड्यात पाद्री, जन्मभर अविवाहित, त्र्याऐंशीच्या घरात जाऊन गेला. प्रत्येक घराण्यात असा एक बिनलग्नाचा काका असतो. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात सगळ्यात जास्त सल्ले त्याचेच.

अँड्र्यू मार्व्हेल या दुसऱ्या कवीचा हिशेब आणखी दांडगा. तो प्रेयसीला सांगतो, वेळ मुबलक असता तर तुझ्या डोळ्यांची स्तुती करायला शंभर वर्षं घेतली असती, पुढच्या एकेका अवयवाला दोनशे, उरलेल्या सगळ्याला मिळून तीस हजार. तू गंगेच्या काठी माणकं वेचत बसली असतीस आणि मी हंबर नदीवर कण्हत. (गंगेत माणकं सापडत नाहीत. पण मार्व्हेल पडला हंबरकाठच्या हल गावचा खासदार, त्याला ते कोण सांगणार?) पाठीमागे काळाचा रथ येतोय, म्हणून घाई करू, असा सगळा युक्तिवाद. कविता छापून आली 1681 साली, मार्व्हेलला जाऊन तीन वर्षं झाली होती.

आपण असे उलटे आकडे लावत नाही. ‘तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत’ म्हणतो. पाहिलेले मोजायचे, उरलेले नाही. उरलेले पावसाळे मोजणारा मराठी माणूस मला अजून भेटायचाय. विम्याचा एजंट सोडून. विसाव्या वर्षी मला ती इंग्रजी पद्धत फार ऐटीची वाटली होती, आणि उत्तर पन्नास येत असल्यामुळे काही दुखलंही नव्हतं. परवा त्याच समासात, खाली जागा होती तिथे, नवी वजाबाकी केली. 70 वजा 52. या वेळी हातचा घ्यावा लागला.

आजीची मोजणी दुसऱ्या दिशेची. अंगणात पारिजातक होता आणि एका चातुर्मासात तिने त्याच्या फुलांचा लक्ष वाहायला घेतला. चार महिन्यांत लाख फुलं, म्हणजे रोज आठशेच्या वर. पहाटे ती सड्यावर बसून फुलं उचलायची. देठ केशरी, पाकळीला ओल, बोटाला चिकटायची. मग पाटावर वीस-वीसचे ढीग. पाच ढिगांचं शेकडं झालं की एक हरभरा बाजूला टाकायचा. दिवसाचा आकडा कॅलेंडरच्या चौकोनात. कमी पडलं की झाडाकडे अशी बघायची, जसं काही त्याने उधारी थकवली आहे.

आश्विनात ती गेली. शेवटच्या चौकोनात एकूण लिहिलं होतं: 71,460. सुतक फिटल्यावर संकल्प अर्धा ठेवू नये म्हणून आईने गुरुजींना विचारलं. तोवर झाडाचा बहर ओसरला होता. गुरुजी म्हणाले, उरलेल्या अक्षता वाहा, चालतं. आईने एका वाटीत साधारण किती दाणे बसत असतील याचा अंदाज घेतला आणि चार वाट्या तांदूळ देवापुढे ओतले.

अंदाजाने! आजीने सगळे परत मोजायला बसवलं असतं.