प्रतिवादी नंबर सात

काल चिक्कोडीहून समन्स आलं. सोबत जमिनीच्या दाव्याची नक्कल, सगळी कन्नडमध्ये. पहिल्या पानावर एका शब्दाखाली कुणीतरी लाल पेनानं रेघ मारलेली. ते माझंच नाव असणार असं धरून दिवसभर त्या गोल गोल अक्षरांकडे बघत बसले. आपलं नाव आपल्यालाच वाचता येऊ नये! या वयात अंगठेबहाद्दर झाल्यासारखं वाटलं. रडूही आलं थोडं.

रात्री फोटो अण्णाला पाठवले. कन्नड वाचणारं दुसरं कोण आहे आपल्यात? आता दावाही त्यानंच लावलाय, पण ते असो. "पाठव की, वाचतो," म्हणाला. लाल रेघेवरचा शब्द तालुक्याचं नाव निघाला.

मग त्यानं स्वतःचा दावा मला फोनवर वाचून दाखवला, एकेक ओळ मराठीत करत. "वादमिळकतीत प्रतिवादी नंबर सात, म्हणजे तू, हिची वहिवाट कधीच नव्हती." आजोबांना पेपर वाचून दाखवायचा, तोच आवाज. एका ठिकाणी मात्र थांबला. "हे असंच, वकिली भाषा," म्हणाला आणि पुढं गेला.

ते वाक्य काय असेल? लाज वाटली म्हणून गाळलं, की मला लागेल म्हणून? उद्या वकिलांकडून कळेलच. कळून घ्यायचंय का, तेच ठरत नाहीये.

आजोबा म्हणायचे, जमीन एकाच इनामी सनदेची, तोडली ती सरकारांनी. कागलची बाजू कोल्हापूर संस्थानात, निपाणीची इंग्रजांच्या बेळगाव जिल्ह्यात. 1 मार्च 1949 ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि सगळी जमीन एका राज्यात आली. ते सुख साडेसात वर्षं टिकलं. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, रेघ पुन्हा होती तिथंच. मधल्या काळात इनामं खालसा झाली, तीही तिकडं निपाणीची 1952 च्या कायद्यानं आणि इकडं कागलची 1955 च्या. आता उतारे जुळवायला बसलं की इकडे हेक्टर-आर, तिकडे एकर-गुंठे.

एका बाबतीत मात्र दोन्ही राज्यांचं अगदी जुळलं. 1994 सालीच दोघांनी मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, आणि आधी लग्न झालेल्यांना दोघांनीही वगळलं. माझं लग्न 1991 चं. 2005 ला केंद्राच्या कायद्यानं ती आडकाठी गेली, म्हणून तर मला नंबर मिळाला. सातवा का होईना.

पण ते वाक्य. तो थांबला नसता तर मी एवढा विचारही केला नसता.

आज दुपारी त्याचाच फोन. सनदेची नक्कल त्याच्या वकिलांना मिळालीय, मोडीत आहे, वाचणारा पुढच्या आठवड्याशिवाय येत नाही. "तू तो मोडीचा वर्ग केलावतास ना गं?" मला हसूच फुटलं. वादीला कन्नड येतं, प्रतिवादीला मोडी. कोर्टानं आम्हाला एकाच बाकावर बसवलं तर निम्मं काम तिथंच उरकेल.

चष्मा लावला, फोटो मोठा केला. अर्ध्यावर आले तर 'पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने'. पुत्र, पौत्र आणि आदि. त्या 'आदि'त मला कोण बसवणार? शाई उडालीय म्हणून सांगता आलं असतं. फोटो तसाही धड नव्हताच.

वाचलं. आवाज जरा अडकला असावा.

अण्णा म्हणाला, "ते राहू दे गं. जमीन किती चावर लिहिलीय तेवढं बघ."