आमची वाटचाल : शनिवार क्लबचा

कोल्हापूरला गेलं की एक प्रश्न ठरलेला. "इंजिनिअर झालास ना रे? मग तिकडं नक्की करतोस काय?" जुन्या गाड्यांचं गॅरेज आहे म्हटलं की समोरचा क्षणभर गप्प होतो आणि मग विषय बदलून पावसावर येतो. गॅरेजच टाकायचं होतं तर कावळा नाका काय वाईट होता, हे मनातलं तोंडावर स्पष्ट दिसतं. म्हणून एकदा सविस्तर लिहूनच टाकतो.

आमचं दुकान लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला गार्डीना गावात आहे. दोन लिफ्ट, मला धरून तीन माणसं, आणि गाड्या एकाच घराण्यातल्या : डॅटसन या जपानी ब्रँडच्या २४०-झेड, २६०-झेड, २८०-झेड. म्हणजे १९७० पासून १९७८ पर्यंतची मॉडेलं. दुसरी गाडी आली तर हात जोडून नाही म्हणतो. गार्डीना निवडलं ते भाडं परवडलं म्हणून, पण जागा बरोबर लागली. या भागात जपानी वस्ती फार जुनी आहे. डॅटसन बनवणाऱ्या निस्सानची अमेरिकेतली कचेरीही अनेक वर्षं याच टापूत होती, ती २००६ पासून टेनेसीला हलली. कचेरी गेली, पण डॅटसनवर हात काळे केलेली म्हातारी माणसं इथंच राहिली.

आमच्यात गाडी आधी आली, धंदा फार उशिरा. मी २००४ मध्ये नोकरीवर इथं आलो. २००८ ची मंदी चालू असताना रिव्हरसाइडला एका घराच्या मागं ताडपत्रीखाली १९७२ ची नारिंगी २४०-झेड दिसली. लांबलचक नाक, आखूड शेपूट. मालकाला पैसे हवे होते, मला काय हवं होतं ते मला अजून माहीत नव्हतं. ४,२०० डॉलर दिले. बायको म्हणाली, "चालते का?" म्हटलं, "ढकलली तर चालते."

ही गाडी नवी होती तेव्हा, १९७० मध्ये, अमेरिकेत तिची किंमत होती ३,५२६ डॉलर. त्या पैशात सहा सिलिंडरचं २.४ लिटरचं इंजिन, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि पुढं डिस्क ब्रेक.  जपानमध्ये हिचं नाव फेअरलेडी झेड. निस्सानचा अमेरिकेतला कारभार बघणारे युताका कातायामा यांना ते नाव इथं खपणार नाही याची खात्री होती, म्हणून त्यांनी फेअरलेडीच्या पट्ट्या काढून २४०-झेडच्या लावायला लावल्या, असं सगळे सांगतात. कातायामा २०१५ मध्ये गेले, १०५ वर्षांचे होऊन. आमच्या ऑफिसात देवाच्या फोटोशेजारी त्यांचा फोटो आहे. आईला आवडलेलं नाही ते.

कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग, मला नवा नव्हता. आण्णांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप. घरी प्रीमियर पद्मिनी. रविवारी आण्णा अंगणात 'पुढारी' अंथरून त्यावर कार्बोरेटरचे जेट, म्हणजे बारीक भोकांचे तुकडे, ओळीनं मांडायचे आणि आम्ही भावंडांनी शिंकायचंसुद्धा नाही. त्या जोरावर मी २४०-झेडचे दोन्ही कार्बोरेटर उघडायला बसलो आणि पहिल्याच संध्याकाळी चार स्क्रूंची डोकी गोल करून ठेवली. फुलीचे स्क्रू, हातात फुलीचाच स्क्रू ड्रायव्हर, तरी घसरायचा.

कोडं क्लबात सुटलं. झेड गाड्यांचा एक स्थानिक क्लब आहे, महिन्यातून एकदा सकाळी एका पार्किंगमध्ये जमायचं, एवढाच त्याचा पसारा. मी गाडी न घेताच गेलो, कारण ती येण्यासारखी नव्हती. बोलताना 'टू-फॉर्टी झेड' म्हणालो तर दोघं-तिघं हसले. अमेरिकेत 'झी' म्हणतात. तेवढ्यात मागून एक म्हातारा म्हणाला, "बरोबर बोलतोय तो. जपानमध्ये 'झेट्टो' म्हणतात." हा माणूस तरुणपणी एका डॅटसन डीलरकडं मेकॅनिक होता. त्याचं नाव इथं देत नाही. आमच्या घरी आम्ही त्याला तात्याच म्हणतो आणि हे त्याला माहीत आहे.

तात्यानं माझे स्क्रू बघितले आणि खिशातून स्वतःचा ड्रायव्हर काढला. जपानी फुली वेगळी असते. नेहमीच्या, म्हणजे फिलिप्सच्या ड्रायव्हरचं टोक त्या खाचेत पूर्ण बसत नाही, जोर दिला की वर उचललं जातं आणि खाच खातं. जपानी मापाला जेआयएस म्हणतात, त्याचा ड्रायव्हर घ्यावा लागतो. पंधरा-वीस डॉलरची वस्तू. आज आमच्याकडं येणाऱ्या दर दुसऱ्या गाडीत कुणीतरी फिलिप्सनं मारलेले स्क्रू असतात आणि ते काढण्याचे पैसे आम्ही घेतो. तेव्हा तात्यानं तो ड्रायव्हर मला तसाच देऊन टाकला.

मी भारतातला म्हटल्यावर त्यानं लगेच विचारलं, "मग शेखर मेहता माहीत असेल!" मला आमच्या गल्लीतले कापडवाले मेहता आठवले. मग कळलं, की कंपालात जन्मलेल्या या मेहतानं १९७३ ची ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली २४०-झेड घेऊन जिंकली होती, तीसुद्धा दुसऱ्या एका डॅटसनशी दंडाचे गुण अगदी सारखे होऊन, बरोबरी फोडण्याच्या नियमावर. पुढं ही रॅली त्यानं आणखी चार वेळा मारली. एवढा मोठा आपला माणूस, आणि तो मला गार्डीनाच्या पार्किंगमध्ये एका जपानी माणसाकडून कळला.

तीन वर्षं मी तात्याच्या मागं मागं फिरलो. दोन कार्बोरेटर, प्रत्येकाकडं तीन-तीन सिलिंडर. दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे. त्याला मीटर मिळतं, पण तात्या रबरी नळीचं एक टोक कानाला लावायचा, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी, आणि सुसकारा ऐकायचा. मग कार्बोरेटरमधला पिस्टन किंचित वर उचलायचा. इंजिनचा आवाज क्षणभर चढून परत जागेवर आला तर मिश्रण बरोबर. चढून चढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त, आणि पडला तर कमी. लेथवर हत्यार बोथट झालं की आण्णांना आवाजावरून कळायचं, त्यामुळं हे शिकायला मला कुणी वेगळं पटवून द्यावं लागलं नाही. हळूहळू क्लबातली माणसं आमच्या घराच्या गॅरेजसमोर गाड्या लावू लागली. शनिवारी सकाळी चार-चार. बायको पोहे करायची. पोह्यांना इथं काय म्हणायचं ते कुणालाच कळेना, मग सगळे 'पोहे'च म्हणू लागले.

पैसे घेत नव्हतो, कारण घेताच येत नव्हते. ज्या व्हिसावर होतो त्यात नोकरीबाहेरची कमाई चालत नाही. ग्रीन कार्ड २०१२ मध्ये हातात आलं आणि माझी पंचाईत झाली. आता मागता येत होते, पण ज्याच्याबरोबर तीन वर्षं पोहे खाल्ले त्याला आकडा कसा सांगायचा? पहिलं बिलबुक आणलं. पहिल्या पानावर नाव लिहिलं, गाडीचा नंबर लिहिला, काम लिहिलं, आणि रकमेची जागा कोरी ठेवून कागद गिऱ्हाइकाला दिला. त्यानं बघितलं, घडी करून खिशात ठेवलं आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी चेक आला. माझ्या मनात होतं त्याच्या दुप्पट. मला आनंदापेक्षा लाजच जास्त वाटली.

नोकरी २०१५ मध्ये सोडली, दुकान घेतलं, रीतसर नोंदणी केली. आणि इथं कॅलिफोर्नियाच्या कायद्यानं मला वाचवलं. इथं गिऱ्हाइकाला लेखी अंदाज देऊन त्याची संमती घेतल्याशिवाय गाडीला हात लावता येत नाही. संकोची माणसासाठी याच्याइतका चांगला कायदा नाही. "मला लिहावं लागतं हो, सरकारचा नियम आहे," म्हणत मी आकडा लिहायला शिकलो.

तरी पहिल्याच वर्षी मोठी ठेच लागली, आणि चूक सर्वस्वी माझी. क्लबातल्याच एका मित्राची १९७१ ची गाडी पूर्ण करायला घेतली, ठरीव रकमेत. वरून रंग झकास. तळाला काळं डांबरासारखं जाड लेपन होतं, ते मी खरवडून बघितलं नाही, कारण मित्राच्या शब्दावर शंका कशी घ्यायची? लेपन काढल्यावर खाली पत्राच नव्हता. फायबर ग्लासचे तुकडे, लांबी म्हणजे पुट्टी, एका जागी चक्क रस्त्यावरच्या पाटीचा तुकडा रिव्हेट मारून बसवलेला. या गाड्यांचा पत्रा पातळ, त्या काळचं गंजरोधक काम जेमतेम. पाणी कुठं साठतं ते आता आम्हाला पाठ आहे : काचेखालच्या जाळीत पानं अडकून, पुढच्या मडगार्डच्या आत चिखल साचून, मागच्या चाकापुढच्या कोपऱ्यात, स्टेपनीच्या खड्ड्यात. आणि बॅटरीच्या ट्रेखाली, तिथं पाण्याबरोबर ॲसिडही ठिबकतं आणि खालची चासीची पट्टी खाऊन टाकतं. त्या गाडीत हे सगळंच होतं. दोन्ही तळ, दोन्ही पट्ट्या, सगळं नवं वेल्ड केलं. सात महिने गेले, पदरचे नऊ हजार डॉलर गेले. त्यात प्लेटिंगला, म्हणजे मुलामा द्यायला, दिलेले नट-बोल्ट एका दुकानानं निम्मेच परत केले. या गाड्यांचे बोल्ट मुळात पिवळ्या झिंकचे असतात, कुठलाही चकचकीत बोल्ट घालून जाणकाराला फसवता येत नाही. मी एकेक शोधून जमवले.

गाडी देताना मित्र म्हणाला, "तुझं काही नुकसान तर नाही ना झालं?" मी म्हणालो, "छे छे."

त्या रात्री बायकोनं वही पुढं ठेवली. ती एका शाळेत गणित शिकवते, दुकानाचा हिशेबही तिच्याकडंच. वर्षभरातल्या ज्या कामांपुढं मी 'असू दे' लिहिलं होतं त्यांची तिनं बेरीज केली होती. बेरीज सांगत नाही. ती म्हणाली, "हे बघ, तुला मैत्री सोडायची नाही आणि मला दुकान बंद करायचं नाही. शनिवार क्लबला दे. बाकीचे पाच दिवस समोर कोणीही असू दे, तात्या असला तरी बिल." तेव्हापासून तसंच चालू आहे. शनिवारी सकाळी शटर उघडं असतं, लिफ्ट फुकट, पोहे फुकट, माझा सल्लाही फुकट, पण पाना ज्याचा त्यानं फिरवायचा. मी खिशात हात घालून उभा राहतो. हे किती अवघड आहे ते मेकॅनिकलाच कळेल.

त्याच्यानंतर दुकान सरळ मार्गी लागलं. आता तळ खरवडल्याशिवाय पूर्ण गाडीचा आकडा आम्ही देत नाही. नेहमीची कामं ठरलेली आहेत. १९७३ च्या गाड्यांना कंपनीनं प्रदूषणाच्या नियमांपायी चपट्या डोक्याचे कार्बोरेटर लावले होते, ते काढून आधीचे गोल डोक्याचे बसवून देतो. उन्हाळ्यात फ्रीवेवरून येऊन गाडी पाच मिनिटं बंद केली की परत चालू होत नाही, ही तक्रार जुलैपासून सुरू होते. इंजिनच्या एकाच बाजूला कार्बोरेटर आणि त्यांच्याखालीच सायलेन्सरचं तापलेलं तोंड, त्यात आजच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल, पेट्रोल उकळतं. उष्णता अडवणारा पत्रा आणि पेट्रोलच्या पाइपचा नीट रस्ता एवढ्यावर बरंच भागतं. आणि तिसरी तक्रार नेहमी गिऱ्हाइकाची बायको करते : गाडीतून उतरलं की साडेतीन तास कपड्यांना धुराचा वास. ती बरोबर असते. धावताना गाडीच्या मागं हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर मागच्या दाराच्या रबरातून, दिव्यांच्या गॅस्केटमधून आत ओढला जातो. रबरं बदलायला अर्धा दिवस लागतो. आमच्याकडं सगळ्यात जास्त आभार याच कामाचे मिळतात.

२८०-झेडला कार्बोरेटरऐवजी पेट्रोलचं इंजेक्शन असल्यानं ती शहाण्यासारखी चालते, पण धंद्याला एक गोम आहे. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या मॉडेलना धुराची तपासणी माफ आहे, १९७६ पासूनच्यांना नाही. त्यामुळं एका वर्षाच्या फरकानं एकाच्या इंजिनात काय बदललंय ते कुणी तपासत नाही आणि दुसऱ्याच्या इंजिनात मूळ नळीसुद्धा काढता येत नाही. हे ऐकल्यावर ७६ वाल्यांचे चेहरे बघवत नाहीत.

जानेवारी २०२० मध्ये एका ऑनलाइन लिलावात १९७१ ची जवळपास कोरी २४०-झेड ३,१०,००० डॉलरला गेली आणि दुकानाचा फोन महिनाभर वाजत राहिला. ज्याच्या परसात गंजका सांगाडा होता तोही विचारू लागला, "माझीचे किती येतील?" मग मार्चमध्ये सगळंच बंद झालं. दोन महिने आम्ही तिघं मास्क लावून रिकाम्या लिफ्टकडं बघत होतो. पुढं लोकांना घरात बसून परसातली गाडी दिसू लागली आणि कामाची रांग लागली. ती अजून आहे, साधारण आठ महिन्यांची.

भाव चढल्यानं क्लबही बदलला. पूर्वी लाँग बीचच्या वार्षिक जपानी मेळ्याला लोक ठिगळं लावलेल्या गाड्या चालवत यायचे, आता काही जण ट्रेलरवरून आणतात. मला ते बघवत नाही, पण त्यातल्या दोन गाड्या आमच्याच दुकानातून गेल्यात, तेव्हा मी बोलणार काय? तात्या आता गाडी चालवत नाही. शनिवारी मुलगी आणून सोडते. खुर्ची टाकून बसतो, नळी मागतो आणि कानाला लावतो. ऐकू कमी येतं त्याला. मी शेजारी मीटर लावतो. अजून तरी दोघांचं जुळतं.

पुढच्या सोमवारी ॲरिझोनातून १९७२ ची एक गाडी येतेय, इंजिन वेगळं, बॉडी वेगळी. वाळवंटातली आहे, पत्रा एकदम कोरडा आहे, असं मालक फोनवर तीनदा म्हणाला. अंदाजाच्या कागदावर रकमेची जागा सध्या कोरी आहे. आधी खरवडून बघतो.