आधी सॉकेट, मग बॅटरी: इलेक्ट्रिक मोटरसायकलवरच्या लांब प्रवासाचा वृत्तांत

किनाऱ्याकडून निघायचं, घाट चढून पठारावर जायचं आणि पलीकडच्या उताराने खाली यायचं, असा आमचा बेत होता. आम्ही दोघे, एकाच मॉडेलच्या दोन इलेक्ट्रिक मोटरसायकली आणि सामानात प्रत्येकाचा चार्जर. रस्ता सुंदर होता, पण इथे लिहिणार आहे ते चार्जिंग अडलं त्या ठिकाणांबद्दल. या वाटेने जाणाऱ्याला त्याचाच उपयोग जास्त. चार्जिंग थांबलं की आपण लगेच बॅटरीवर संशय घेतो. आमच्या प्रवासात मुख्य बॅटरी एकदाच दोषी निघाली. चार्जिंग अडलं तेव्हा बिघाड बहुतेक वेळा भिंत आणि गाडी यांच्यामध्येच कुठेतरी होता. म्हणून तपासायला सुरुवात भिंतीपासून करा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

पहिल्याच मुक्कामी सोबत्याची गाडी दहाएक मिनिटं चार्ज व्हायची आणि थांबायची. पुन्हा लावली की पुन्हा तेच. दोन गाड्या सारख्या असल्याने चार्जरांची अदलाबदल करून पाहिली. बिघाड चार्जरबरोबर गेला नाही, गाडीबरोबरही गेला नाही, तो त्या सॉकेटपाशीच राहिला. प्लगला हात लावला तर चटका बसला. सॉकेटच्या आतल्या पट्ट्या सैल झाल्या की पिनेवरची पकड सुटते, तेवढ्या जागी रोध वाढतो आणि उष्णता तयार होते. प्लगमध्ये तापमानाचा सेन्सर असलेला चार्जर अशा वेळी स्वतःहून थांबतो. सेन्सर नसलेला थांबत नाही, म्हणून चार्जिंग सुरू केल्यावर पंधरा मिनिटांनी प्लग हाताने चाचपायची सवय लावून घ्या. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर सॉकेट बदला.

वायरीचा हिशेब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. ३० मीटरची एक्स्टेन्शन म्हणजे जाऊन-येऊन ६० मीटर तांबं, म्हणजे सुमारे ०.७ ओहम. १५ अँपिअर ओढले की जवळपास ११ व्होल्ट वाटेतच पडतात आणि दीडशेहून जास्त वॉट नुसती वायर तापवण्यात जातात. वायर रिळावर गुंडाळलेलीच राहिली तर ती उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण वितळू शकतं. रीळ पूर्ण उलगडा, किंवा अडीच चौरस मिलिमीटरची आखूड वायर जवळ बाळगा. चार्जरचा करंट कमी करता येत असेल तर तो सर्वात सोपा उपाय, कारण करंट अर्धा केला की वायरीतली उष्णता पावपट होते. त्या रात्री आम्ही दुसऱ्या भिंतीवरचं घट्ट सॉकेट शोधलं, करंट आठ अँपिअरवर आणला आणि सकाळी दोन्ही गाड्या भरलेल्या होत्या.

प्लग आणि सॉकेट यांच्यामध्ये लावायचा छोटा वॉटमीटर या प्रवासात सर्वात उपयोगी ठरला. आधी भार नसताना व्होल्टेज बघायचं, मग चार्जिंग सुरू असताना. २३० व्होल्टच्या जोडणीवर आकडा भाराखाली २१८ च्या खाली घसरला की त्या इमारतीची वायरिंग कमकुवत समजायची आणि करंट उतरवायचा. क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमट्यासारखं लावून करंट मोजायचं मीटर) नेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: अख्ख्या केबलभोवती लावला तर तो जवळपास शून्य दाखवतो, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना काटतात.

पुढचा अडथळा सार्वजनिक चार्जिंग स्टेशनवर आला. टाइप २ या प्रकारच्या चार्जिंग कनेक्टरची केबल लावली, दिवा लागला, पण प्रवाह सुरू होईना. या जोडणीत स्टेशन आणि गाडी एका पायलट तारेवरून बोलतात. तिच्यावर १२ व्होल्ट असतात, गाडी जोडली की ९ होतात आणि गाडी तयार झाली की ६. तेव्हा कुठे स्टेशन आतला कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारा मोठा स्विच, जोडून वीज सोडतं. हा संकेत अर्थिंगच्या तारेवरून परत येतो. त्यामुळे अर्थिंग तुटलेलं असेल किंवा पायलटच्या पिनेवर चिखल असेल, तर बॅटरी कितीही ठणठणीत असो, काही घडत नाही. आमच्या पिनेवर वाळलेला चिखल होता. केबल दोन्हीकडून काढून, लाकडी काडीने आणि कोरड्या ब्रशने पिना साफ केल्या, आधी स्टेशनकडचं टोक आणि मग गाडीकडचं टोक खट्‌ आवाज येईपर्यंत दाबलं, आणि चार्जिंग सुरू झालं. तरीही होत नसेल तर चावी बंद आहे ना, ॲपमध्ये ठरावीक वेळेचं चार्जिंग किंवा ८० टक्क्यांची मर्यादा चालू राहिली नाही ना, एवढं बघा. पावसात लीकेज ब्रेकर पडला तर तो पुन्हा पुन्हा वर करू नका. कनेक्टरमध्ये पाणी आहे असं समजून आधी तो वाळवा. अर्थिंगला बगल देणारे जुगाड कोणी सुचवले तर ठाम नकार द्या, त्यात जीव जातो.

पठारावरच्या थंडीने वेगळा धडा दिला. लिथियम-आयन सेल शून्य अंशाखाली चार्ज केले तर ऋण ध्रुवावर लिथियम धातूचा थर बसतो आणि तो कायमचं नुकसान करतो. म्हणून बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, गारठलेल्या पॅकचं (सेल जोडून बनलेल्या मुख्य बॅटरीचं) चार्जिंग मंद करतं किंवा नाकारतं. अशा ठिकाणी पोचल्या पोचल्या, पॅक कोमट असतानाच चार्जर लावा, सकाळवर टाकू नका. खालच्या उन्हात मात्र नेमकं उलट: चढ चढून तापलेली गाडी सावलीत अर्धा तास उभी करा, मग लावा.

थंड सकाळी सोबत्याची गाडी तर जागीच झाली नाही. स्क्रीन मंद आणि सीटखालून नुसता टकटक आवाज. मुख्य पॅक भरलेला होता, पण त्याला जोडणारा कॉन्टॅक्टर ज्या छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो तीच बसली होती. मीटरवर लेड-ॲसिड बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवत असेल तर भरलेली, १२ च्या खाली गेली की जवळपास रिकामी. योग्य ध्रुव जुळवून दुसऱ्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा आधार दिला आणि गाडी उठली. रात्रभर ट्रॅकर आणि फोनचा चार्जर तिच्यावर चालू ठेवणं टाळा. आणि पठारावरून उतरणार असाल तर पॅक काठोकाठ भरू नका. भरलेल्या पॅकमध्ये रीजन ब्रेकिंगची (वेग कमी करताना मोटरकडून बॅटरीत परत येणारी) ऊर्जा मावत नाही आणि ऐन उतारावर सगळा भार साध्या ब्रेकांवर येतो.

आता बॅटरीचा खरा दोष. शेवटच्या मोठ्या चढावर माझ्या गाडीचा आकडा २२ टक्क्यांवरून एकदम ९ वर आला आणि ताकद तुटली. सोबत्याची गाडी तेवढ्याच अंतरावर, त्याच वेगात व्यवस्थित होती. पॅकमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, आणि रांगेतला सर्वात कमी भरलेला सेल खालच्या मर्यादेला पोचला की बीएमएस अख्ख्या पॅकलाच आवरतं. चढावर करंट जास्त, म्हणून त्या सेलचं व्होल्टेज जास्त दबतं. ॲपमध्ये सेलवार व्होल्टेज दिसत होते: गाडी थांबलेली असतानाही सर्वात वरच्या आणि सर्वात खालच्या सेलमध्ये १०० मिलिव्होल्टच्या वर फरक होता. स्थिर पॅकमध्ये वीस-तीसपर्यंत मी निश्चिंत असतो. बऱ्याच बीएमएसमध्ये सेल समान करण्याचं काम पॅक जवळजवळ पूर्ण भरल्यावरच चालतं आणि त्याचा करंट फार थोडा असतो, त्यामुळे त्याला कित्येक तास लागतात. महिनोन्‌महिने ८० टक्क्यांवर थांबवलेल्या पॅकला ही संधी मिळतच नाही. खाली उतरल्यावर गाडी कमी करंटवर १०० टक्के भरली आणि रात्रभर जोडलेली ठेवली. फरक बराच उतरला, आकड्याच्या उड्याही थांबल्या. दोन-तीन वेळा असं करूनही एकच सेल मागे राहत असेल तर तो कमजोर आहे. सेलवार आकड्यांचे स्क्रीनशॉट घेऊन सर्व्हिसकडे जा. पॅक स्वतः उघडू नका, ६० व्होल्टच्या वरचा डीसी जीवघेणा असतो. पॅक फुगला, फसफसला किंवा गोडसर उग्र वास आला तर शक्य असल्यास भिंतीचा स्विच बंद करा, दूर व्हा आणि अग्निशमन दलाला बोलवा.

रेंज कमी पडली की प्रत्येक वेळी बिघाडच असतो असं नाही. ताशी ६० वरून ९० वर गेलं की हवेचा विरोध सव्वादोनपट होतो. समोरून वारा असेल तर त्याहून अधिक. संशय आला की आधी वेग उतरवून वीस किलोमीटर जा आणि टायरमधली हवा बघा, मगच ॲप उघडा.

सामानात आखूड जाड एक्स्टेन्शन, वॉटमीटर, मल्टिमीटर, कोरडा ब्रश आणि १२ व्होल्टचा छोटा बूस्टर एवढं असलं तर बहुतेक ठिकाणी भागतं. प्रवासानंतर गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर मुख्य पॅक ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा, १२ व्होल्टच्या बॅटरीला मात्र मेंटेनर (बॅटरी भरलेली राखणारा छोटा चार्जर) लावून ठेवा.