बारावीच्या पोरापोरींनो, अठरा व्हायची वाट बघू नका

केज तालुक्यात अकरावी-बारावीला शिकवतो मी. नीटचा फॉर्म, स्कॉलरशिप, नॉन क्रिमीलेयर, डोमिसाइल, सगळ्यासाठी पोरं सेतूत नाहीतर नेट कॅफेत रांगा लावतात, पण मतदार यादीत नाव टाका म्हणलं की "सर, अजून अठरा कुठं झालेत" हेच उत्तर येतं. आणि पालकही तेच म्हणतेत.

तर सतरा पूर्ण झाले असतील तर आत्ताच अर्ज करता येतो. २०२२ पासून ही सोय आहे. फॉर्म नंबर ६ भरायचा, तुमचे अठरा पूर्ण झाले की पुढच्या तिमाहीला अर्ज विचारात घेतेत आणि नाव यादीत येतं. मतदान मात्र अठरा पूर्ण झाल्यावरच.

पूर्वी एकच तारीख होती, १ जानेवारी. त्या दिवशी अठरा पूर्ण नसले की गेलं वर्ष. २०१९ च्या लोकसभेचं मतदान आपल्याकडं एप्रिलमधे झालं, पण ज्याचे अठरा ५ जानेवारीला भरले तो घरीच बसला. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. २०२४ च्या लोकसभेला १ एप्रिल धरली होती, म्हणून मार्चमधे अठरा झालेल्यांनाही संधी मिळाली. आपल्याकडं शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिलेली लेकरं अजून सापडतात, ती १ जुलैच्या तारखेत बसतात.

मला खरी काळजी ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांची आहे. दसरा-दिवाळीच्या आसपास कोयते निघतात, कोणी पश्चिम महाराष्ट्रात कोणी कर्नाटकात, आणि यादीचं वर्षाचं मोठं काम बहुतेक वेळा त्याच महिन्यांत चालतं. बीएलओ, म्हणजे गावात मतदार यादीचं काम बघणारा माणूस, दारात येतो तर घराला कुलूप. माणूस परत येतो तोवर सगळं उरकलेलं असतं, मग मतदानाच्या दिवशी यादीत नाव शोधत फिरायचं. म्हणून जून-जुलैमधे, सगळे गावात असताना, सतरा झालेल्या पोराचा फॉर्म भरून टाका. बीएलओ बहुतेक गावातलाच असतो, शाळेतले गुरुजी किंवा अंगणवाडीच्या ताई, नाहीतर निवडणूक आयोगाच्या साइटवर मोबाइलवरूनही होतं. जन्मतारखेला दहावीचं सर्टिफिकेट चालतं, पत्त्याला आईवडिलांच्या नावाचं लाइट बिल चालतं, एक फोटो. पैसे एक रुपया लागत नाहीत, कोणी मागितले तर देऊ नका. अडलं तर १९५० ला फोन लावा.

आता पोरींचं. "लग्न होऊन जाणारच आहे, मग इथं कशाला नाव" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकवत नाही. अहो, पोराला पुण्याला कंपनीत जायचंय म्हणून कोणी त्याचं नाव अडवतं का? लग्नानंतर पत्ता बदलला तर फॉर्म ८ भरायचा, बास. आणि लग्न चार-पाच वर्षांनी झालं तर तोवरच्या ग्रामपंचायत, झेडपी, विधानसभा सगळ्या निवडणुका तिनं बघतच बसायच्या का? गावात नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे तिच्याइतकं कोणाला माहीत नसतं, हंडे तीच भरते, तर त्या ग्रामपंचायतीला मत द्यायचा हक्क तिचा आधी आहे. वडलांनी मनावर घेतलं तर दहा मिनिटांचं काम आहे हे.

लातूरला, संभाजीनगरला हॉस्टेलवर राहणाऱ्यांनी गावचा पत्ता द्यावा की हॉस्टेलचा हे स्वतः ठरवावं, दोन्ही चालतात, हॉस्टेलचा दिला तर कॉलेजचं बोनाफाइड लागतं. फक्त दोन्हीकडं नाव टाकू नका, तो गुन्हा आहे. माझं विचाराल तर दिवाळी-उन्हाळ्यात गावी येतच असाल तर नाव गावातच ठेवा, तिथं तुमचं एक मत वॉर्डाचा निकाल फिरवू शकतं.