आमची वाटचाल: सरकारी प्रयोगशाळेतून आमच्या किटपर्यंत

अंधेरीच्या एमआयडीसीत आम्ही एलायझा तपासणीचे (नमुन्यातला ठरावीक घटक अँटिबॉडीच्या मदतीने शोधणाऱ्या चाचणीचे) किट बनवतो. त्यातल्या अँटिबॉडी (ठरावीक घटकालाच चिकटणारी प्रथिनं) सरकारी प्रयोगशाळांकडून परवान्यावर घेतलेल्या. या वाटेने जाऊ पाहणाऱ्या लहान उद्योजकांसाठी इथली रीत लिहितो.

आधी पेटंट आणि माल या दोन गोष्टी वेगळ्या करा. पेटंट त्या-त्या देशापुरतं असतं. अमेरिकेच्या एनआयएचने (तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने) एखाद्या अँटिबॉडीचं पेटंट भारतात घेतलंच नसेल, तर इथे बनवून इथेच विकायला पेटंटचा परवाना लागत नाही; लागते ती हायब्रिडोमाची (अँटिबॉडी बनवत राहणाऱ्या पेशींची) व्हायल, म्हणजे छोटी कुपी, आणि तिच्यासाठी जैविक मालाचा वेगळा परवाना मिळतो. मात्र पीसीटी अर्ज (अनेक देशांत पेटंट मागायचा एकच आंतरराष्ट्रीय अर्ज) भारतात आणायला पहिल्या अर्जापासून ३१ महिने मिळतात. तेवढा काळ उलटून भारतीय पेटंट कार्यालयाच्या नोंदी पुन्हा तपासल्याशिवाय पुढचा खर्च करू नका.

सर्वाधिक घोळ एमटीएत, म्हणजे जैविक माल देण्याघेण्याच्या करारात, होतो. संशोधनासाठी दिलेल्या व्हायलपासून, किंवा त्या पेशींच्या पुढच्या पिढ्यांपासूनही, विक्रीचं काही बनवता येत नाही. ओळखीच्या प्राध्यापकांनी आपुलकीने दिलेली व्हायल म्हणूनच धंद्याच्या कामाची नाही. मूळ प्रयोगशाळेची लेखी संमती हवीच.

आम्ही सुरुवात नेहमी चाचणीपुरत्या परवान्याने करतो. मुदत ठरलेली, विक्रीचा हक्क नाही, पण पैसे कमी गुंततात आणि पेशी खरंच काय देतात ते कळतं. पार्सल ड्राय आइसमध्ये येतं. ते सहार विमानतळाच्या कार्गोत शुक्रवारी उतरेल असं बुकिंग कधीच करू नका. शनिवार-रविवारी कागद अडकले तर बर्फ उडून जातो. बिलावर किंमत शून्य लिहू नये, आणि माल संसर्गजन्य नसल्याचं प्रयोगशाळेचं पत्र सोबत असावं. आलेली व्हायल थेट द्रव नायट्रोजनमध्ये जाते.

वाढवायला घेतल्यावर पेशी वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवून पहिल्याच आठवड्यात मायकोप्लाझ्मा या जिवाणूचा पीसीआर (जनुकीय तपासणी) करा. त्याला पेशीभित्तिका नसते, त्यामुळे पेनिसिलिन लागू पडत नाही, आणि माध्यम गढूळ होत नसल्याने डोळ्यांना काहीच दिसत नाही. दुसरा धोका संथ असतो: अँटिबॉडी न बनवणाऱ्या पेशी जोमाने वाढून बाकीच्यांना मागे टाकतात. म्हणून लवकर पुन्हा क्लोनिंग करून (एकेका चांगल्या पेशीपासून नवी वाढ घेऊन), १० टक्के डीएमएसओमध्ये (गोठताना पेशी वाचवणाऱ्या द्रावकात) मास्टर बँक, म्हणजे पेशींचा मूळ राखीव साठा, गोठवून मगच कराराच्या टेबलावर बसावं.

करारात रॉयल्टीच्या टक्क्यापेक्षा ‘निव्वळ विक्री’ची व्याख्या आधी वाचा. जीएसटी, वितरकाची सूट, परत आलेले किट वजा होतात का? वार्षिक किमान रॉयल्टी सहीच्या तारखेपासून नको, उत्पादन परवाना मिळाल्यापासून मागा. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, २०१७ नुसार अ आणि ब वर्गाच्या (कमी जोखमीच्या) किटना राज्याचं एफडीए (अन्न व औषध प्रशासन) परवाना देतं, क आणि ड वर्गाच्या (जास्त जोखमीच्या) किटचे अर्ज दिल्लीत केंद्रीय औषध नियंत्रकांकडे जातात. तिथला वेळ आपल्या हातात नसतो. परदेशी रॉयल्टीवर रिव्हर्स चार्जने (विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने भरायचा) १८ टक्के जीएसटी येतो. टीडीएसही कापावा लागतो, आणि ‘करांव्यतिरिक्त पूर्ण रक्कम’ असं कलम असेल तर तो बोजा आपल्याच खिशावर पडतो.

एकाधिकारासाठी (परवाना फक्त आपल्यालाच मिळावा यासाठी) लहान उद्योगाने हट्ट धरू नये. एनआयएचला त्यासाठी राजपत्रात सूचना देऊन हरकतींना किमान १५ दिवस द्यावे लागतात. साध्या परवान्याला ती पायरी नाही. करार संपल्यावर पेशी नष्ट केल्याचा दाखला मागतात, त्यामुळे तयार साठा विकायची मुदत सहीआधीच लिहून घ्या.