कोजागरीचा तंबोरा

साताऱ्यातील आमच्या पेठेच्या मंडळाची कोजागरी म्हणजे वाड्याची गच्ची, चुलीवर आटणारे केशरी दूध आणि मध्यरात्र उलटल्यावर रंगणारे गाणे. गणेशोत्सवात मंडळ साऱ्या गावाचे असे. कोजागरी मात्र आमची स्वतःची होती, आणि माझा मित्र तंबोरा लावायला बसला की तिला खरी सुरुवात होई. तारा चारच, पंचम, दोन तारांची जोड आणि खर्ज. पण घोडीवरच्या तारांखालचा जवारीचा, म्हणजे सुराला गुंजन देणारा, दोरा केसभर मागेपुढे सरकवत तो इतका वेळ घेई की दुधावर दुसऱ्यांदा साय धरे. त्या खोळंब्याबद्दल आम्ही त्याची यथेच्छ टवाळी केली, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तंबोरा मिरजेचा, त्याच्या वडिलांनी घेतलेला. एका वर्षी एसटीच्या टपावरून उतरवताना तो आमच्याच हातून निसटला आणि भोपळ्याला वीतभर तडा गेला. सरस लावून तो सांधला, पण पुढे मित्राच्या घरी ओढगस्त आली तेव्हा तंबोरा विकावा लागला. त्यानंतर कोजागरीला इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची डबी आली. ती बटण दाबताच सुरात लागते आणि सायीला वेळच देत नाही.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाल्याचे वाचले आणि मित्राने शोध मनावर घेतला. एकोणिसाव्या शतकात शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी शस्त्रांचे काम सोडून ज्या गावात वाद्ये घडवायला घेतली, तेथे विकलेला तंबोरा कधी ना कधी दुरुस्तीला येणारच, असा त्याचा हिशेब होता. भोपळ्यांच्या राशी आणि लाकडाचा भुसा ओलांडत आम्ही सतारमेकरांची दुकाने पालथी घातली. खूण एकच सांगत होतो: दांडीच्या पाठीवर उदबत्तीने पडलेला तिळाएवढा काळा डाग, जो आमच्याच एका कोजागरीला पडला होता.

चौथ्या खेपेस डाग सापडला. मात्र भोपळा नवा होता. जुना सांधा उकलल्यामुळे पंढरपूरकडचा दुसरा भोपळा बसवला, भोपळ्यावरची लाकडी तबलीही बदलली, असे कारागिराने सांगितले. मग हा तुझा तंबोरा कसा, असा वाद मी घालून पाहिला. मित्राने उत्तर दिले नाही. त्याने डागावरून अंगठा फिरवला, मांडी घातली आणि खर्ज छेडला. कारागिराने हातातली कानस खाली ठेवली.

आता तो सांगलीतील एका गायनशिक्षिकेचा आहे आणि त्यांच्या विद्यार्थिनी त्यावर रोज रियाझ करतात, त्यामुळे परत मागण्याचा विषयच आम्ही काढला नाही. कोजागरीच्या एका रात्रीपुरता तो देण्यास बाईंनी होकार दिला. अट इतकीच की एसटीच्या टपावर चढवायचा नाही. गेल्या कोजागरीला मित्राने तो सांगलीहून साताऱ्यापर्यंत मोटारीत मांडीवर धरून आणला, आणि दुधावर तीनदा साय धरली.